जर्द्याची सुई

कुपी हलवायची नाही, दोन्ही तळव्यांत फिरवायची,
डॉक्टर हिरेमठ म्हणाले, आणि करून दाखवलं.
मला हसू आलं. चाळीस वर्षं निपाणीत दुसरं काय केलं?
तेंदूचं पान, चिमूटभर जर्दा, बोटाखाली एक वळसा,
हजार विड्या दिवेलागणीपर्यंत.
कुपी त्यांच्या सांगण्याआधी हातांना कळली.

कळलं नव्हतं ते पाणी.
बोका घंगाळाला तोंड लावून बसायचा
जीभ थकेपर्यंत,
आणि मुतायचा पोत्यावर, पानांच्या टोपलीशेजारी.
मी खराट्यानं हाणलं त्याला. दोनदा.
मग तो मागच्या टाचा टेकवत चालायला लागला,
तेव्हा बाजाराच्या पिशवीत घालून चिकोडीची बस धरली.
पाटी कानडीत. मी रंग बघून चढते.

कागदही कानडीत. म्हटलं, मला वाचता येत नाही.
त्यांनी सिरिंजवर पेनानं रेघ मारली:
"एरडे एरडु, आजी. दोनच. जास्ती नको."

माझ्याकडे फ्रीज नाही, जुलेखाकडे आहे.
नळाच्या भांडणापासून आम्ही बोलत नाही.
तरी सकाळी सहाला तिचं दार लोटलेलं नसतं.
कोथिंबिरीमागे, स्टीलच्या डबीत, माझी कुपी.
मी घेते. ती दुधाकडे बघत राहते.
संध्याकाळी सहाला परत तसंच.

आधी खाणं, मग सुई. उलटं कधीच नाही.
मीठ न घातलेली कोंबडी कुस्करून ठेवते,
तो खायला लागला की मानेमागची कातडी चिमटीत उचलते,
सुई आडवी, आणि मनात मोजते:
ओंदु, एरडु.
विड्या मराठीतच मोजते अजून.

मेडिकलच्या पोरानं एकदा केशरी टोपीची सिरिंज दिली.
माझी लाल टोपीची, चाळीसची.
"सारखीच की, मावशी."
सारखी कशी? रेघा बघ.
शाळा बघितली नाही मी, पण मोजमापात फसवायला
मुकादम जन्मभर समोर बसला होता.

भावजय म्हणाली, माणसाला सुई मिळंना, आणि तू मांजराला?
मी काही बोलले नाही.
आमचे धनी सुईला भ्यायचे.
डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या गादीच्या शिवणीत सापडल्या,
गादी उन्हात घातली तेव्हा. तेराव्यानंतर.
जर्दा भीत नाही. ढेकर दिल्यासारखा आवाज करतो आणि परत खातो.

उरसाच्या दिवशी घरात पाहुणे.
सुई दिली, ताटली बघितली नाही.
नऊच्या सुमारास बोका भिंतीला जाऊन धडकला,
डोळे उघडे, आत कोणी नाही.
पाय पोहल्यासारखे हलत होते.
फडताळात लेकीनं गडहिंग्लजहून दिलेली काकवी.
जी त्याला वर्षभर वासालाही दिली नाही
ती बोटानं हिरड्यांवर चोळली. परत चोळली.
दारात जुलेखा, हातात बॅटरी.
"जीता है क्या?"
मी म्हटलं, धर इकडं उजेड.

किती वेळ गेला माहीत नाही. बाहेर पाळणे फिरत होते,
कुणीतरी माईकवर हरवलेल्या पोराचं नाव घेत होतं.
मग तो चावला.
असा चावला की नखापर्यंत रक्त.
मी त्याला पोटभर शिव्या दिल्या, जुलेखानं तिच्या भाषेत.

डॉक्टर फोनवर म्हणाले, उद्याची सुई थांबवा, आधी घेऊन या.
कानातून थेंब काढला, आकडा बघितला, जुनी रेघ सांगू नका म्हणाले,
नवी सिरिंज घेऊन नवी रेघ मारली. आता दीड.
दीडला कानडीत काय म्हणतात ते मला येत नव्हतं.
ओंदूवरे.
येताना बसमध्ये पुटपुटत आले,
शेजारचा माणूस सरकून बसला.

त्या आठवड्यात माझ्या विड्या सैल आल्या.
मुकादमानं सत्तर छाटल्या, कारण विचारलं.
पट्टीचं बोट पदराखाली घेतलं
आणि म्हटलं, पानं वाळकी होती.